चौदाची चाके काढून सतराची बसवावीत का?

प्रश्न : माझ्या छोट्या हॅचबॅकची मूळ चाके १४ इंची, ५ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटची असून टायरचे माप १६५/८० आर १४ आहे. बाजूने पाहिले की गाडी फार किरकोळ वाटते, म्हणून १७ इंची अलॉय चाके घेण्याचे मनात आहे. दुकानदाराने ६.५ इंच रुंद व ३८ ऑफसेटची चाके आणि २०५/५० आर १७ हे टायर सुचवले असून "आरामात बसतील" असे सांगितले आहे. यामुळे गाडीची उंचीही वाढेल अशी माझी अपेक्षा आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : चारही नट आवळले गेले की चाक "बसले", असे दुकानात मानले जाते. आपल्याला मात्र मागच्या आसनावर तिघे बसलेले असताना, स्टिअरिंग पूर्ण वळवून उतारावरून गाडी खाली आणायची असते, आणि चाक खरे बसले की नाही हे तेव्हा कळते.

आधी उंचीचा हिशोब करू. टायरच्या मापातील १६५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी आणि ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के एवढी टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे १३२ मिलिमीटर. वरची व खालची भिंत मिळून २६४ आणि १४ इंची रिमचे ३५६ धरले, तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. दुकानदाराने सुचवलेल्या मापाचा व्यास ६३७ होतो. वाढ १७ मिलिमीटरची आणि गाडी उचलली जाणार त्याच्या निम्मी, म्हणजे साडेआठ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढीसुद्धा नाही. रिम मोठी झाली म्हणून गाडी उंच होते हा समज म्हणूनच सोडून द्यावा. रिम मोठी होते तेव्हा तेवढे रबर कमी झालेले असते, आणि व्यास जवळपास होता तेवढाच ठेवणे हेच योग्य निवडीचे पहिले लक्षण आहे. व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपले माप पावणेतीन टक्क्यांच्या किंचित वर जाते, म्हणजे कसेबसे आत आहे. पण मूळ चाकांवर ज्या वेगाला काटा १०० दाखवत होता, तोच आकडा दिसत असताना आता गाडी सुमारे १०३ च्या वेगाने जात असेल आणि लहान इंजिनाला चढावर एक गिअर लवकर खाली आणावा लागेल.

तरीही व्यासामुळे मी ही चाके नाकारली नसती. खरी अडचण ऑफसेटची आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. चाकाचा जो पृष्ठभाग हबला, म्हणजे चाक ज्यावर नटांनी आवळतात त्या मधल्या भागाला, टेकतो, तो रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, याचा आकडा म्हणजे ऑफसेट. हा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते. आपली रिम दीड इंचाने रुंद होणार असल्यामुळे ती दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटरने वाढेल. शिवाय ऑफसेट ४५ वरून ३८ वर आल्याने सगळे चाक ७ मिलिमीटर बाहेर सरकेल. म्हणजे रिमची बाहेरची कड २६ मिलिमीटर बाहेर येईल आणि आतली कड शॉक ॲब्सॉर्बरच्या दिशेने १२ मिलिमीटर आत जाईल. बाहेर आलेले चाक मडगार्डच्या कडेला घासते, चिखल थेट दारावर उडवते, हबच्या बेअरिंगवर वाकडा ताण आणते आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढू लागते. कड घासते म्हणून मडगार्ड आतून ठोकून वळवून देणारे कारागीर मिळतात; पण चाकासाठी गाडीचा पत्रा ठोकावा लागत असेल, तर ते चाक त्या गाडीचे नव्हेच.

यावर दुकानदार आपल्याला २०५/४५ आर १७ सुचवण्याचा संभव आहे. त्याचा व्यास ६१६ म्हणजे अगदी योग्य आहे, मात्र टायरच्या मापापुढे छापलेला भाराचा अंक तेवढा पाहावा. आपल्या मूळ मापाच्या टायरवर तो सहसा ८५ असतो आणि त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो भार पेलतो. २०५/४५ च्या साध्या टायरवर ८४, म्हणजे ५०० किलो असतात. टायर रुंद आणि महाग झाला, पण ताकद उतरली, असा हा उलटा व्यवहार आहे. याच मापाचा जादा भाराचा, ८८ अंकाचा टायर मिळतो. त्यालाही भिंत जेमतेम ९२ मिलिमीटरची असते, म्हणजे आज आहे त्यापेक्षा ४० मिलिमीटरने कमी. जो खड्डा आज रबर गिळते, तो उद्या रिमच्या कडेवर बसेल आणि टायरच्या भिंतीला फुगा येईल. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

माझे मत विचाराल तर आपण १५ इंची, ५.५ इंच रुंद, ४५ ऑफसेटची चाके आणि १८५/६५ आर १५ हे टायर घ्यावेत. व्यास ६२१, भाराचा अंक सहसा ८८, भिंत १२० मिलिमीटर आणि रिम दोन्ही बाजूंना जेमतेम ६ मिलिमीटरने रुंद. मन अगदीच मानत नसेल, तर १६ इंचांपर्यंत जावे: ६ इंच रुंद, तोच ऑफसेट आणि १९५/५५ आर १६. त्यापुढे छोट्या हॅचबॅकने जाऊ नये.

चाके घेण्यापूर्वी वजनाचा काटा सोबत न्यावा, दुकानदार हसला तरी चालेल. अलॉय म्हणजे हलके, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मोठे, स्वस्त, ओतीव अलॉय चाक आपल्या लहान लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकते, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली, फिरत्या परिघाजवळ असल्याने गाडी उचल घेताना, ब्रेक लावताना आणि धक्के सोसताना जाणवते. चाकाच्या आतल्या बाजूला कमाल भाराचा आकडा आणि जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण आहे का, तेही पाहावे. ही खूण निर्माता स्वतः उमटवतो. सोबत व्हीआयए अशी खूण असेल तर चाचणी त्रयस्थाकडूनही झालेली असते. चाक बदलण्याचे नियम आणि विम्याच्या अटी सगळीकडे सारख्या नसल्यामुळे विमा कंपनीचे उत्तर लेखी घेऊन मगच पैसे मोजावेत.

चाके बसवल्यावर मडगार्डच्या आतल्या कडेवर खडूने जाड रेघ ओढा, गाडीत माणसे भरा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून एखाद्या गतिरोधकावरून सावकाश जा. रेघ जिथे पुसली असेल तिथे टायर घासतो आहे.

प्रश्न : नवी १५ इंची चाके बसवल्यापासून ८० च्या वेगानंतर स्टिअरिंग थरथरते. तीन वेळा बॅलन्सिंग केले, पण गुण आला नाही. चाके सदोष असतील का?

उत्तर : चाकांना दोष देण्याआधी त्यांच्या मधल्या भोकाचा व्यास मोजावा. गाडीच्या कंपनीची नसलेली, बाजारात मिळणारी चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून हे भोक मुद्दाम मोठे, पुष्कळदा ७३.१ मिलिमीटरचे ठेवतात, आणि लहान गाडीच्या हबचा उंचवटा ५४.१ एवढाच असू शकतो. मग चाक मध्यभागी धरण्याचे काम नटांवरच पडते, आणि ते केसभर जरी सरकले तरी कंप येतो. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक शंकूने मध्यभागी धरलेले असल्यामुळे तिथे हा दोष दिसतच नाही. भोक आणि उंचवटा या दोन्ही मापांना जुळणारी हब रिंग, म्हणजे मधली पोकळी भरणारे कडे, बसवून घ्यावी आणि चाक जॅकवर अधांतरी असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळावेत. शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच द्यावा. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर तो पुन्हा तपासावा.

एक मात्र आधीच पाहून घ्या. आपल्या हबच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर आणि चाकाचा ९८ निघाला, तर नट ओढूनताणून बसतात, पण बोल्ट वाकलेल्या अवस्थेत राहतात. तसे असेल तर रिंग वगैरे काही न करता चाके त्याच दिवशी उतरवावीत.

प्रश्न : चार चाके बदलली, पण स्टेपनी जुनी १४ इंचीच ठेवली तर चालेल का?

उत्तर : नव्या चाकांचा व्यास मूळ चाकाएवढाच राखला असेल, तर पंक्चर काढायच्या ठिकाणापर्यंत सावकाश जाण्यास हरकत नाही. अडते ते नटांवर. अलॉयचे लांब बोल्ट पातळ लोखंडी चाकातून आत जास्त शिरून ब्रेकच्या भागांना लागू शकतात, आणि नटांच्या शंकूचा आकारही जुळेलच असे नाही. म्हणून जुन्या चाकांचे नट किंवा बोल्ट टाकून न देता एका पिशवीत बांधून, त्यांना लागणाऱ्या पान्यासह स्टेपनीच्या खळग्यात ठेवावेत.