यादवी माजते, गृहयुद्ध नुसतं होतं

प्रश्न नागपुरातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे. राज्यशास्त्रात एम. ए. करते. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं माओवादी आणि सरकार यांच्यात जी लढाई चालली, तिच्यानंतर साध्या माणसाच्या हक्कांचं काय झालं, यावर तिला निबंध द्यायचाय. तिने 'यादवी' लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल काट मारली आणि वर 'नागरी युद्ध' लिहिलं. कारण काय, तर निबंधात पुढे 'नागरी हक्क' आहेच, इंग्रजीत दोन्हीकडचा 'सिव्हिल' एकच, मग मराठीतही एकच शब्द हवा. ती विचारते, यादवी, गृहयुद्ध की नागरी युद्ध?

नागरी युद्ध! बाप्पा रे. हा शब्द हल्ली बातम्यांतही कानावर येतो, सुदान म्हणा, सीरिया म्हणा. तो ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे मे महिन्यात टँकरभोवती बादल्या घेऊन भांडणारी गल्लीच येते. इंग्रजीत 'सिव्हिल' एकच, म्हणून मराठीत एकच पाहिजे, हा हट्ट कुठला? नागपुरात राहून तर तो करूच नये. इथे सिव्हिल लाईन्समध्ये मुलकी साहेब राहायचे आणि फौज कामठीच्या छावणीत. कोर्टात सिव्हिल म्हणजे दिवाणी, नोकरीत सनदी, इंजिनिअरिंगला स्थापत्य आणि कायदेभंगाला जोडला की सविनय. सरांचा नियम लावायचा तर 'सविनय युद्ध' का नको? 'स्थापत्य युद्ध' तर बिल्डर लोकांना फार आवडेल.

गृहयुद्ध चूक नाही. हिंदीतून आलाय, समास सरळ आहे, घरातलं युद्ध. हिंदी आमच्याकडे दूधवाल्यापासून ऑटोवाल्यापर्यंत दिवसभर कानावर असते, तिच्यावर माझा राग नाही. मराठीकडे आपला शब्द नसता तर तोही घेतला असता. पण आहे ना!

आता यादवी. आधी एक कचरा झाडून टाकतो. हा शब्द देवगिरीच्या यादवांवरून आला, त्यांच्यात फूट पडली आणि राज्य गेलं, असं छातीठोक सांगणारे व्याख्याते मी स्वतः ऐकलेत, एकाला तर भर सभेत टोकलंय. देवगिरीवर खिलजी बाहेरून चालून आला होता. बाहेरून आलेल्याशी होते ती लढाई, यादवी नव्हे. शब्द द्वारकेच्या यादवांचा आहे, महाभारताच्या मौसलपर्वातला. यादव आपसांत लढून संपले एवढं सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथेच सगळे थांबतात. भांडण कशावरून झालं, हे कोणी विचारत नाही.

भांडण झालं मागच्या युद्धावरून. कुरुक्षेत्राला ३६ वर्षं झाली होती. सात्यकी आणि कृतवर्मा, दोघेही यादव, पण त्या युद्धात सात्यकी पांडवांकडून लढलेला, कृतवर्मा कौरवांकडून. युद्ध संपलं, दोघे एकाच द्वारकेत परत आले आणि ३६ वर्षं एकमेकांसमोर वावरले. प्रभासच्या किनाऱ्यावर दारू चढली तेव्हा सात्यकी बोलला, पांडवांच्या छावणीत रात्री झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय! कृतवर्म्याने उलट काढलं, आमच्या बाजूचा भूरिश्रवा हात तुटल्यावर मरणाचं व्रत घेऊन बसला होता, त्याला तू कसं मारलंस? दोन्ही आरोप खरे होते. दोन्हींची दाद कुठेच लागलेली नव्हती. सात्यकीने कृतवर्म्याचं डोकं उडवलं, मग भोज-अंधक या यादवांच्याच कुळांनी जेवणाच्या उष्ट्या भांड्यांनी सात्यकीला घेरून मारलं. उष्टी भांडी! एवढं घरगुती हत्यार दुसऱ्या कुठल्या युद्धात आहे? त्याच्या थोडंच आधी द्वारकेत कडक दारूबंदी लागली होती, मद्य करील त्याला सुळावर चढवू अशी दवंडी पिटून. दारूबंदीचं पुढे काय होतं ते आम्हा विदर्भवाल्यांना कशाला सांगायचं.

भाऊबंदकी वेगळी. १७७५ साली नागपूरच्या दक्षिणेला पाचगावला मुधोजी आणि साबाजी हे भोसले भाऊ लढले आणि पिस्तुलाच्या एका गोळीने साबाजी गेले. गादीचा वाद होता, गोळीबरोबर मिटला. यादवी अशी एका गोळीत मिटत नाही.

आणि ती 'होत' नाही, माजते. गृहयुद्ध होतं, फार तर भडकतं. 'गृहयुद्ध माजलं' म्हणून पाहा, जीभ अडखळते. शेतात तण माजतं, रान माजतं, बैल माजतो. माजणं आलं संस्कृत 'मद्' वरून, माद्यति, प्राकृतात मज्जइ, म्हणजे मूळ अर्थच झिंगणं. प्रभासला दोन्ही होतं, झिंगलेले यादव आणि माजलेलं गवत. मौसलपर्वात कृष्ण किनाऱ्यावरचं एरका नावाचं गवत मूठभर उपटतो आणि त्याचं लोखंडी मुसळ होतं. मग जो तो तेच उपटून हाणू लागतो. ऋषींच्या शापाची, सांबाच्या पोटी आलेल्या मुसळाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, ती सोडतो.

एरका म्हणजे नेमकं कुठलं गवत? 'लव्हाळा' असं सर्रास ठोकून देतात. ज्याने हे प्रथम लिहिलं त्याने तळ्याकाठी कधी पाय ओला केला नसावा. लव्हाळ्याने मच्छर मरणार नाही. एरका म्हणजे पाणकणीस, असं मानणारेही जाणकार आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा. पावसाळ्यानंतर आमच्याकडे कुठल्याही नाल्याच्या कडेला पाणकणीस उभं दिसतं. पुरुषभर उंच दांडा आणि टोकाला तपकिरी, गुळगुळीत, वीतभर लांब कणीस. एकदा चिखलात उतरून मी एक तोडून आणलं आणि दारामागच्या कोपऱ्यात उभं केलं. बायको म्हणाली, "मुसळ कुठून आणलं?" माझ्या मते त्याच क्षणी मौसलपर्वाचा उलगडा झाला. गवताचं मुसळ होण्यात चमत्कार नाही, त्या गवताच्या शेंड्याला मुसळच असतं. कवीने फक्त लोखंड घातलं. पुरावा? बायको.

गवतावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रवांडात १९९० साली हुतूंचं सरकार आणि तुत्सी बंडखोर यांच्यात लढाई सुरू झाली आणि १९९४ मध्ये शंभरेक दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं होतं, तुरुंग भरून वाहिले, कोर्टं पुरेनात. तेव्हा जुन्या गावपंचायतीला नवं रूप दिलं, तिचं नाव 'गाचाचा'. या नावाचा संबंध गवताशी लावतात, गावकरी हिरवळीवर बसून न्याय करायचे ती हिरवळ. सुमारे १२,००० ठिकाणी ही न्यायालयं बसली आणि २०१२ मध्ये बंद होईपर्यंत त्यांनी १९ लाखांच्या आसपास खटले निकाली काढले. वकील नव्हते. जिंकलेल्या बंडखोर फौजेच्या माणसांनी केलेले गुन्हे मात्र त्या गवतापुढे आलेच नाहीत. म्हणजे कृतवर्म्याचा हिशेब झाला, सात्यकीचा राहिला. एकीकडे गवताचं मुसळ, दुसरीकडे गवताचं न्यायासन! यावर मी तासभर बोलू शकतो, पण निबंध नेपाळवर आहे.

नेपाळमध्ये त्या दहा वर्षांना काय म्हणायचं, हाच एक तंटा होता. लढणाऱ्यांनी 'जनयुद्ध' म्हटलं, सरकारने 'आतंक'. मधल्या लोकांनी 'द्वन्द्व' धरलं, म्हणून आज तिथे 'द्वन्द्वपीडित' असतात. पण त्या भाषेतला मला सगळ्यात आवडलेला शब्द एका आयोगाच्या नावात आहे: 'बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग'. पारिएका, म्हणजे पाडलेले, केलेले. आपण 'बेपत्ता झालेले' लिहितो, जणू जत्रेत हात सुटला. तिथे क्रियापदातच करणारा उभा आहे, नाव नसलं तरी. २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारात दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं की मारलेल्या आणि बेपत्ता केलेल्या माणसांची माहिती ६० दिवसांत जाहीर करू. आयोग उभा राहिला २०१५ मध्ये. तोवर बाईने कुंकू पुसायचं की ठेवायचं? मेला म्हणावं तर प्रेत नाही, आहे म्हणावं तर माणूस नाही. नवऱ्याच्या नावची जमीन तिच्या नावावर कशी व्हावी? तुमच्या निबंधातला नागरी हक्क मला इथे दिसतो, करारातल्या मोठ्या वाक्यांत कमी.

आणि हा 'नागरी' सरांना युद्धाला चिकटवायचाय! आपल्या कायद्यात हा शब्द कुठे बसलाय ते त्यांना दाखवा. १९५५ चा अस्पृश्यता अपराधांचा कायदा, १९७६ मध्ये त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं. विहिरीचं पाणी, देवळाचं दार, हॉटेलातला कप, एवढं सगळं त्या एका 'नागरी'मध्ये आहे. दीक्षाभूमीच्या गावात हे मला सांगावं लागतंय. ज्या शब्दाने माणसाला माणसांत बसवलं, तोच कत्तलीला लावायचा?

तेव्हा युद्धाला यादवी, हक्कांना नागरी. शीर्षक असं करा: 'यादवीनंतरचा नेपाळ: बेपत्ता केलेल्यांच्या घरच्यांचे नागरी हक्क'. 'केलेल्यां'वर सर पुन्हा लाल काट मारतील, मारू द्या, पण तुम्ही तो शब्द सोडू नका. 'हक्क' की 'अधिकार' हेही तुम्ही शेवटी विचारलंय. हक्क. अरबीत त्याचा अर्थ 'सत्य' असाही आहे, पण ते लिहायला घेतलं तर पुन्हा एवढंच होईल.