पिल्ले आणि लोकरीचा गुंडा
घरात मांजरीची पिल्ले आली म्हणून विणकाम सोडण्याची मुळीच गरज नाही. मात्र लोकरीचा गुंडा उघड्यावर ठेवू नका. मांजराच्या जिभेवरील बारीक काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला सहसा थुंकता येत नाही, तो गिळला जातो आणि आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. धाग्याचे टोक तोंडाबाहेर किंवा शेपटीखाली लोंबताना दिसले, तरी ते कधीही ओढू नका. तडक पशुवैद्यांकडे जा. मी झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात गुंडा ठेवते, आणि पिल्लांची हौस भागावी म्हणून शेजारी एक रिकामे खोके असते. (विकतच्या खेळण्यांपेक्षा त्यांना तेच प्रिय!) दमलेले पिल्लू मांडीवर घुरघुरत झोपले की माझी ओळ अर्धीच राहते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.