सासू-सासरे चीनला येताहेत, आणि नवरा म्हणतो 'तू बघ सगळं'

प्रिय ताई,
माझा नवरा सुझौमधल्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. इथे येऊन तीन वर्षं झाली. मी पुण्यात अकाउंट्समध्ये होते, पण इथल्या माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. मुलगा पहिलीत आहे. सप्टेंबरअखेर सोलापूरहून सासू-सासरे महिनाभरासाठी येताहेत. एप्रिलमध्ये माझे आई-बाबा आले होते, तेव्हा मी त्यांना दहा दिवसांत चार शहरं फिरवली. बाबांचे पाय सुजले आणि निघताना आई म्हणाली, "सगळं बघितलं गं, तुझ्याशी बोलायचंच राहिलं."

सासरे ७२ वर्षांचे आहेत, एक गुडघा दुखतो. सासूबाई शाकाहारी. नणंदेनं त्यांना कॅनडात नायगारा दाखवला, म्हणून आता नवऱ्याला बीजिंग, शीआन, शांघाय सगळं दाखवायचंय, पण "तू बघ सगळं" म्हणून मोकळा. त्याला सुट्टी फक्त १ ऑक्टोबरच्या आठवड्यात. सासऱ्यांना डॉ. कोटणीसांची समाधी बघायची आहे, त्यावर नवरा म्हणतो, तेवढ्यासाठी एवढ्या लांब कोण जातं? मला आत्ताच दमल्यासारखं झालंय. आणि खरं सांगू का, महिनाभर घरात राहिल्या की सासूबाईंना दिसेलच, मी दिवसभर काहीच करत नाही.
— सुझौची सून

प्रिय सुने,

आधी १ ऑक्टोबरचं मिटवू, कारण तिकिटं थांबत नाहीत. त्या आठवड्यात बीजिंगला जायचं नाही. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, आणि तिथून पुढे आठवडाभर अख्खा देश प्रवासात असतो. आषाढीला पंढरपुरात जाऊन "जरा निवांत दर्शन घेऊ" म्हणावं, तसला हा बेत. सोलापूरकर सासऱ्यांना हे एका वाक्यात पटेल. नवऱ्याला पटायला वेळ लागेल, कारण 'सुट्टी तेव्हाच मिळते' हे त्याचं पालुपद. त्याला एवढंच विचार, त्याच्या पुढच्या आठवड्यात चार दिवसांची रजा मागून बघितलीस का? बहुतेकजण मागतच नाहीत, आपणच ठरवून टाकतात की मिळणार नाही. आई-वडील त्याचे आहेत. साहेबापुढे एक अर्ज टाकायला काही हरकत नाही.

त्या सुट्टीत त्यानं घरी राहावं आणि आई-वडिलांबरोबर जिनजी तलावाकाठी फिरावं. पोलिसांतली नोंदही त्याच्याकडेच दे. परदेशी पाहुणा हॉटेलात उतरला तर नोंद हॉटेल करतं. घरी उतरला तर २४ तासांच्या आत आपल्याला करावी लागते. आई-बाबांच्या वेळी ते तूच केलं असशील, असा माझा अंदाज आहे. या वेळी पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन तो जाईल.

फोनचंही आत्ताच बघायला सांग. दोघांच्या भारतीय सिमवर निघण्याआधीच रोमिंग पॅक टाकून घ्यायचा. रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत येतो, त्यामुळे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब चालू राहतं; तुमच्या घरच्या वायफायवर ते एरवी उघडणार नाही. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी, तेव्हा सोलापूरच्या मंडळींशी बोलायला तोही उपयोगाचा नाही. सासूबाईंचं सकाळचं कीर्तन आणि बहिणीचा फोन बंद पडला, तर दोष चीन सरकारला जात नाही, सुनेला जातो.

आता कोटणीस. तुझ्या नवऱ्याचं ते वाक्य वाचून मला राग आला, हे त्याला सांगितलंस तरी चालेल. एवढ्या सगळ्या यादीत एकच गोष्ट अशी आहे जी पाहुण्यांनी स्वतःहून मागितली आहे, आणि नेमकी तीच तुम्ही कापताय! सोलापूरचा एक तरुण डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो, जपानी आक्रमणाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करतो, तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो चिंगलान यांच्याशी, लग्न करतो आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच मरण पावतो. सोलापुरातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. तुझ्या सासऱ्यांनी ते नक्की पाहिलं असणार. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, आणि बीजिंगहून वेगवान गाडीनं तिथे जायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा. राष्ट्रीय दिनाची सुट्टी संपल्यावर निघालात, तर तारीखसुद्धा जुळून येईल. त्याच आवारात नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन डॉक्टरांचीही समाधी आहे. नणंदेला फोटो पाठवताना तेवढं लिहायला विसरू नकोस. टॅक्सीवाल्याला दाखवायला पत्ता आणि कोटणीसांचं चिनी नाव चिनी अक्षरांत मोबाइलवर ठेव. देवनागरीवरून वाचून दाखवायच्या भानगडीत पडू नको.

शीआन रद्द कर. मातीचं सैन्य बघण्यासारखं आहेच, पण दुखरा गुडघा घेऊन तीन शहरं होत नाहीत, हे एप्रिलमध्ये बाबांच्या पायांनी सांगितलंय. बीजिंगला मात्र जा, कारण भिंत बघितल्याशिवाय सोलापुरात परतायची सोय नाही, सोसायटीत आधीच सांगून झालं असेल. भिंतीसाठी मुतियान्यू निवड. तिथली केबल कार थेट वर, १४ व्या बुरुजापाशी सोडते. सासऱ्यांनी तिथे बसून डोंगरावरून गेलेली भिंत दोन्हीकडे बघावी, सासूबाईंनी पुढच्या बुरुजापर्यंत जाऊन यावं, आणि नातवाला काय दमवायचं ते त्याच्या बापानं दमवावं.

बीजिंगमधल्या जुन्या शाही राजवाड्याचं जरा सांभाळून. तो सोमवारी बंद असतो. तिकिटं पासपोर्ट नंबरावर, सात दिवस आधी ऑनलाइन सुटतात आणि बघता बघता संपतात. दक्षिणेच्या दरवाजानं आत जायचं, उत्तरेकडून बाहेर पडायचं. नुसतं सरळ अंतरच जवळजवळ एक किलोमीटर भरतं, त्यात दगडी फरशी, पायऱ्या, उंच उंबरे. आत शिरण्याआधीच्या तपासणीच्या रांगा वेगळ्या. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. भिंत आणि राजवाडा यांच्या मधला दिवस झोपायचा. गाडीच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, हे सासूबाईंना पहिल्यांदा दाखव. चहाची पुरचुंडी आणि झटपट उपमा जवळ असला, की सुझौ ते बीजिंगचा पाचेक तासांचा प्रवास हीच त्यांची सहल होते.

बाकीचे तीन आठवडे कुठेही न्यायचं नाही. म्हणजे गावात न्यायचं, पण शहर बदलायचं नाही. सुझौचं रेशीम संग्रहालय आहे, तिथे जुने लाकडी माग बघायला मिळतात. सोलापूरच्या माणसाला माग समजावून सांगावा लागत नाही. उलट सासरेच तुला ताणा-बाणा समजावतील. बागांपैकी 'वांगशी युआन' ही लहानशी बाग बघा, मोठीच्या मागे लागू नका. शियुआन मंदिरात पाचशे अर्हतांच्या मूर्ती आहेत आणि तिथल्या साध्या शाकाहारी नूडल्स प्रसिद्ध आहेत. बौद्ध मंदिरातल्या त्या जेवणात मांस तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. एरवी बाहेर जेवताना 'शाकाहारी' एवढंच सांगून भागत नाही, हे तू जाणतेसच. फरसबीच्या भाजीत खिमा चवीपुरता असतो, आणि पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. मांस, मासे, चरबी, कोंबडीचं पाणी, यातलं काही नको, असं चिनीत लिहून ती चिठ्ठी सासूबाईंच्याच पर्समध्ये ठेव.

आणि त्यांना भाजीबाजारात एकटं सोड. मी शांघायमध्ये राहत होते तेव्हा माझी आई आली होती. तिला बाजार आणि घर यांच्यामधला रस्ता पाठ झाला, त्या दिवसापासून आमचं घर सुरळीत चाललं. दोडका, कारलं, कोथिंबीर, आलं सगळं ओळखीचंच. हातात थोडे सुटे युआन दे. मोबाइलचा चौकोन स्कॅन करायची जबाबदारी त्यांच्यावर नको. एकच गोष्ट शिकव. भाजीवाली अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवते ते दोन नव्हेत, आठ असतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. आई पहिल्या दिवशी दोन युआन पुढे करून ठाम उभी राहिली होती, आणि भाजीवालीही हटायला तयार नव्हती. शेवटी मागच्या आजीबाईंनी आईच्या तळहातावर आठ नाणी मोजून दाखवली, आणि दोघी जाम हसल्या.

सासऱ्यांना नातवाच्या शाळेच्या बसची वेळ सांभाळू दे. संध्याकाळी चौकात बायका गाणी लावून नाचतात, तिथे सासूबाईंना मागच्या रांगेत उभं कर. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघतील. दुसऱ्या दिवशीचं मी सांगत नाही.

राहिलं तुझं शेवटचं वाक्य. एप्रिलमध्ये दहा दिवसांत चार शहरं का केलीस? तुझ्या बाबांना चार शहरांची हौस होती असं पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, कुणी निवांत बसून "कशी आहेस गं?" असं विचारू नये, म्हणून तू सगळ्यांना पळवत होतीस. आता सासूबाईंसाठीही तोच घाट घातलास. तुला नोकरीवाचून करमत नाही, ही चोरी नव्हे. पण ती लपवायला महिनाभर गाइडगिरी करणं तुला झेपणार नाही, आणि ती लपणारही नाही. बाईच्या नजरेतून दुसऱ्या बाईचा रिकामा दुपारचा वेळ सुटत नाही.

पाहुणे येण्याआधी हे नवऱ्याला नीट सांग. भांडणाच्या ओघात नको, जेवण झाल्यावर. सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात तूच सांग, "मला माझ्या कामाची आठवण येते." त्या कदाचित म्हणतील, "आम्ही नाही का जन्मभर घरीच काढला?" त्यावर वाद घालू नको, भाजी निवडत राहा. बोलून झालंय, तेवढं पुरे. आठवड्यातल्या दोन दुपारी तुझ्या, हेही तेव्हाच ठरवून टाक. चिनीचा वर्ग, हिशेबाचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम, काहीही. पुण्यात परतल्यावर दोन्ही उपयोगी पडतील. त्या दुपारी सासू-सासरे बाजारात असतील आणि तुला त्यांना काही दाखवायचं नसेल.

आई ते वाक्य बोलून गेली, त्यानंतर तिच्याशी बोललीस का? पत्रात नाही. फोन कर. राहिलेलं बोलायला विमान लागत नाही.

सामानात काय आणायचं असा प्रश्न येईलच. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, गोडा मसाला, गुडघ्याची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ताजी फळं, भाज्या आणि बियाणं चीनमध्ये नेता येत नाही. "गॅलरीत लावायला मेथीचं बी आणते" असं सासूबाई म्हणतील. त्यांना आत्ताच नको म्हणून सांग.

तुझी,
ताई