जतला (जि. सांगली) आलेल्या नव्या केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या मॅडमना

मॅडम, रुजू झालात की यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदीच्या, आधी शाळा बघा. जतमधल्या काही शाळा कन्नड माध्यमाच्या. तिथल्या पालकसभेला कन्नड बोलणारे शिक्षक सोबत न्याच. ऊसतोडीला कुटुंबं निघतात, पोरंही जातात. पोर आजीकडे ठेवता येईल का, हे दसऱ्याआधीच घरी जाऊन बोला. टोळी निघाल्यावर कोण ऐकणार? ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. म्हणून पटावरच्या पोरांची आधार कार्डाशी जुळणी जुलैतच उरका. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला कायद्यानंच हव्यात. त्या आयांच्या नुसत्या सह्या घेऊ नका, पोषण आहाराचा तांदूळ त्यांच्यासमोर मोजा. आणि द्विशिक्षकी शाळेतलं कुणी रजेवर गेलं तर त्याच दिवशी बदली माणूस पाठवा. माहितीचे तक्ते उद्या गेले तरी चालतील.