डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत असताना इलिनॉयमध्ये 2013 साली कन्सील्ड कॅरीचा कायदा कसा मंजूर झाला?

तुम्ही विचारलंय की बंदुकांवर निर्बंध हवेत म्हणणारा पक्ष दोन्ही सभागृहांत भक्कम बहुमतात होता आणि गव्हर्नरही त्याच पक्षाचा होता, मग कपड्याआड पिस्तूल बाळगून फिरायची परवानगी देणारा कायदा झालाच कसा? मी शिकागोच्या उपनगरात राहतो आणि हा विषय मला जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोर्टाने तारीख घालून दिली आणि विधेयक अडवून धरण्यात काही फायदाच उरला नाही, हे त्याचं खरं कारण.

त्याआधी अडवून धरणं सोपं होतं. सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगून फिरण्याची कसलीही सोय नसलेलं इलिनॉय हे अमेरिकेतलं शेवटचं राज्य उरलं होतं. मे 2011 मध्ये असंच एक विधेयक हाउसमध्ये, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात आलं. बाजूने 65 मतं पडली, विरोधात 32, आणि तरीही ते नामंजूर झालं! शिकागोसारख्या शहरांना इलिनॉयच्या राज्यघटनेने स्वतःचे नियम करण्याचा अधिकार दिलाय. त्याला ‘होम रूल’ म्हणतात. त्या अधिकाराला कात्री लावणाऱ्या या विधेयकाला तीन पंचमांश, म्हणजे 118 पैकी 71 मतं हवी होती. विरोधकांना जिंकायची गरजच नव्हती. समोरच्यांना 71 पर्यंत पोचू दिलं नाही की झालं.

11 डिसेंबर 2012 ला सातव्या सर्किटच्या (इलिनॉय ज्या न्यायालयीन विभागात येतं त्याच्या) फेडरल अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी राज्याची बंदी घटनाबाह्य ठरवली. निकाल न्यायमूर्ती रिचर्ड पॉस्नर यांनी लिहिला आणि नवा कायदा करायला 180 दिवस दिले. पुढे मुदत वाढून 9 जुलै 2013 झाली. त्या दिवसापर्यंत काहीच मंजूर झालं नसतं, तर जुनी बंदी गेली असती आणि तिच्या जागी पिस्तूल बाळगून फिरण्याबाबत राज्याचा कुठलाच नियम नसता. ना प्रशिक्षणाची अट, ना परवाना. म्हणजे अडवून धरण्याचा फायदा आता बंदूक समर्थकांना होणार होता.

यात पक्षापेक्षा प्रदेश महत्त्वाचा ठरला. विधेयक मांडणारे ब्रँडन फेल्प्स स्वतः डेमोक्रॅट, पण राज्याच्या दक्षिण टोकाकडच्या हॅरिसबर्गचे. तिकडे शिकार आणि बंदूक घरोघरी आहे. भारतात व्हिप मोडला तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, आमदारकी जाऊ शकते. इलिनॉयमध्ये तशी तरतूदच नाही. आमदार आपल्या मतदारसंघाकडे बघून मत देतो आणि पक्षाला ते गिळावं लागतं.

वाटाघाटींत खरी ओढाताण झाली ती स्थानिक नियमांवरून. हाउसने आधी जी आवृत्ती मंजूर केली, तिच्यात शहरांचे बंदुकीबाबतचे सगळेच नियम रद्द होणार होते. सिनेटचे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष जॉन कलर्टन यांनी ते मान्य केलं नाही. शेवटी तडजोड झाली. पिस्तुलांचे आणि ती बाळगण्याचे नियम राज्याचे. असॉल्ट रायफलींवर (लष्करी धर्तीच्या बंदुकांवर) बंदी घालायची असेल तर शहरांना कायदा लागू झाल्यापासून फक्त 10 दिवस. शिकागोजवळच्या हायलँड पार्क शहराने ती बंदी घातली. 31 मेला अंतिम विधेयक हाउसमध्ये 89 विरुद्ध 28 आणि सिनेटमध्ये 45 विरुद्ध 12 मतांनी मंजूर झालं.

गव्हर्नर पॅट क्विन यांनी 2 जुलैला ते दुरुस्त्या सुचवून परत पाठवलं. एका वेळी एकच बंदूक, दहाच गोळ्यांचं मॅगझिन, आणि दारू मिळते अशा कुठल्याही ठिकाणी बंदूक नको. विधेयकात मात्र निम्म्याहून जास्त विक्री दारूची असेल तिथेच बंदी होती. दारूबाबतचा त्यांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण तो वाटाघाटी संपल्यावर, मुदतीला आठवडा उरलेला असताना आला, हे मला अक्षम्य वाटतं. दुरुस्त्या स्वीकारायला बहुमत नव्हतं आणि विधेयक पडू देणं म्हणजे कायद्याविना राहणं. 9 जुलैलाच हाउसने 77 विरुद्ध 31 आणि सिनेटने 41 विरुद्ध 17 मतांनी क्विन यांच्या दुरुस्त्या बाजूला सारून मूळ विधेयक कायम केलं. गरज होती 71 आणि 36 ची.

वाटाघाटीला बसलेल्या शिकागोच्या आमदारांच्या पदरात काय पडलं, तेही बघा. 16 तासांचं प्रशिक्षण, आणि शाळा, रुग्णालयं, ग्रंथालयं, बागा, बस आणि रेल्वेत पूर्ण बंदी. हे मी लहान यश मानत नाही. मराठी कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर तिथे बंदी आपोआप लागू असते. देवळांचं तसं नाही. प्रार्थनास्थळं त्या यादीत नाहीत, त्यामुळे तिथे बंदी हवी असेल तर व्यवस्थापनाला राज्य पोलिसांनी ठरवलेली चार बाय सहा इंचांची पाटी दारावर लावावी लागते. तुम्ही इथल्या एखाद्या देवळाच्या समितीवर असाल तर प्रत्येक प्रवेशद्वारावर ती आहे ना, हे पाहून घ्या. पार्किंगमधल्या गाडीत ठेवलेल्या बंदुकीला मात्र ती पाटी लागू होत नाही.