नवरा-बायकोनं युरोप दोघांनीच करावा की ग्रुपबरोबर? जूनमध्ये की सप्टेंबरमध्ये?

तुम्ही निपाणीचे, वय 57 आणि 54, इंग्रजी जेमतेम, खर्चाचा अंदाज हवाय, आणि घरातले सगळे म्हणतात ग्रुपनंच जा. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातला चहा बाजूला ठेवला. 'इंग्रजी जेमतेम' हे मी माझ्या साडूच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकलंय.

दोघंच जा. सप्टेंबरमध्ये जा.

आम्ही बेळगावचे. मी उद्यमबागेत 31 वर्षं लेथवर जॉबवर्क केलं, बायको खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर होती. युरोप दोनदा केला. पहिल्यांदा 2018 च्या मे महिन्यात ग्रुपबरोबर, 12 दिवसांत 7 देश. त्यातलं आज काय आठवतं म्हणाल तर बसच्या खिडकीची काच आणि पहाटे दारावर पडणारी थाप. युंगफ्राउयोखला 3454 मीटरवर नेलं, बाहेर पांढरंफटक धुकं. आम्ही तिथं आमच्याच ग्रुपमधली मंडळी बघितली आणि खाली उतरलो. उद्या परत येऊन बघू म्हणायची सोय नाही, कारण उद्या इटली.

दुसऱ्यांदा 2023 ला दोघंच गेलो. ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, 42 दिवस, देश फक्त तीन. हे ठरलं तेव्हा एका बारशाच्या पंगतीत साडू म्हणाले, "तिथं तुमचं कोण समजून घेणार? बेळगावचं मराठी आम्हाला पुण्यात कळत नाही." सगळे हसले. मीही हसलो, पण तो घास काही नीट उतरला नाही.

आता मला सांगा, माझी बायको रविवार पेठेत कानडीत भाव करते, शेजारच्या बाईंशी कोकणीत बोलते, शिंप्याशी हिंदीत, आणि घरी येऊन मला मराठीत झापते. समोरच्याची भाषा अर्धी कळली तरी काम होतं, हे आपण शाळेत जायच्या आधी शिकलेलो असतो. निपाणीत वेगळं थोडंच आहे? ज्यांना सगळीकडं आपलीच भाषा ऐकायची सवय आहे, त्यांनी गाईड घ्यावा.

सुरुवात नेदरलँड्समधून केली, आणि तिथं एक गाव मुद्दाम बघितलं. बार्ले. ब्रेडापर्यंत रेल्वे, पुढं बस. गावात बेल्जियमचे तुकडे नेदरलँड्सच्या पोटात विखुरलेत, फुटपाथवर पांढऱ्या फुल्या काढून हद्द दाखवलीय, काही घरांच्या मधूनच ती जाते. मग घर कुठल्या देशातलं? पुढचं दार ज्या देशात उघडतं त्या देशातलं. आम्ही एका दारासमोर बराच वेळ उभे होतो. बायको म्हणाली, "आपल्याकडं नुसतं दार फिरवून भागलं असतं तर!" ग्रुपवाले तुम्हाला इथं नेणार नाहीत. इथं आयफेल टॉवर नाही.

आता ज्या गोष्टीवरून साडू मला अजून सोडत नाहीत, ती सांगतो. त्यांच्या तोंडून ती वेगळीच ऐकायला मिळते.

आमच्या गावाच्या नावाचं तुम्हाला माहीतच आहे. 2014 च्या नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर बेळगावी, माझ्या पासपोर्टात जन्मस्थळ बेलगाम, घरात बेळगाव. बेंगळुरूला व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, ही दोन वेगळी गावं का? मी तिला हसलो होतो. एवढं काय न कळण्यासारखं?

महिन्याभरात मीच त्यात फसलो. जर्मनीत तेव्हा 49 युरोंत महिनाभराचं तिकीट मिळायचं (आता वाढलंय), साध्या गाड्यांना चालायचं, वेगवान आयसीईला नाही. हायडेलबर्गहून गाड्या बदलत बदलत चारच्या सुमाराला फ्रायबुर्गला उतरलो. स्टेशनबाहेर दोन कॉफ्या घेतल्या आणि खोलीचा पत्ता छापलेला कागद एका टॅक्सीवाल्याला दाखवला. त्यानं कागद वाचला, माझ्याकडं बघितलं, परत कागद वाचला आणि 'श्वाइत्स, श्वाइत्स' म्हणत मान हलवली. मला वाटलं, भाडं नको असेल.

बायकोनं कागद घेतला. टॅक्सीच्या दारावर त्यांचा पत्ता लिहिलेला होता, त्याच्याशी ताडून बघितला. "अहो, इथला पिनकोड पाच आकडी आहे. आपल्या कागदावर 1700, चारच आकडे कसे?" तीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासलेली बाई, आकडा कमी पडला की तिचा डोळा तिथं अडकतोच. आणि मी, मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर पकडणारा, महिनाभर तो कागद खिशात घेऊन फिरत होतो. खाली फोन नंबरही +41 ने सुरू होत होता. म्हणजे स्वित्झर्लंड.

फ्रायबुर्ग दोन आहेत. एक जर्मनीतलं. दुसरं स्वित्झर्लंडमधलं, फ्रेंच बोलणाऱ्यांचं फ्रिबूर, जर्मन बोलणारे त्यालाही फ्रायबुर्गच म्हणतात. खोली दुसऱ्यातली, आम्ही उभे पहिल्यात. बायको बॅगेवर बसली, हसायला लागली. "बेळगावच्या माणसानं गावाच्या नावाला फसावं म्हणजे कमाल झाली!" मग उठून म्हणाली, "असुदे, गाड्या आहेत की."

गाड्या होत्याच. पाऊण तासात बाझेलचं बाडिशर स्टेशन. तिथं जमीन स्वित्झर्लंडची आणि स्टेशन जर्मन रेल्वेचं, त्यामुळं आमचं जर्मन तिकीट तिथवर चाललं. सीमेवरच्या माणसाला असल्या गोष्टींचं भारी कौतुक वाटतं. पुढं स्विस तिकीट काढून बर्न, आणि बर्नहून वीस-बावीस मिनिटांवर फ्रिबूर. रात्री साडेआठला पोचलो. घरमालकीण सत्तरीची, फक्त फ्रेंच बोलणारी, दारातला दिवा लावून वाट बघत होती. बायकोनं बॅगेतून कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, डबा काढून तिच्या हातात ठेवला. तिनं बोटानं चाखला आणि मग चमचा आणायला आत गेली. एवढंच घडलं. टॅक्सी नाही, पोलीस नाही, रडारड नाही. साडेचार तास आणि दोन स्विस तिकिटं.

पण हिनं त्या रात्रीच बहिणीला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात साडू 'आमचे साडू भलत्याच देशात उतरले' म्हणून सुरू होतात. देश भलता होता खरा, पण गावाचं नाव तर बरोबर होतं. आणि निस्तरलं कोणी? जिला इंग्रजी जेमतेम, तिनं.

त्या फ्रिबूरमध्ये उतारावरची एक केबल रेल्वे आहे, 1899 पासूनची. दोन डबे एका दोराला. वरच्या डब्याच्या टाकीत शहराचं सांडपाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली आला की टाकी रिकामी. वास येतो, खोटं कशाला सांगू. मी चार खेपा केल्या. चौथ्या खेपेला ब्रेकवाल्यानं मला ओळखून मान डोलावली.

घरमालकिणीनं कागदावर गाईचं तोंड काढून डोक्यावर फुलं दाखवली आणि शनिवार लिहिलं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी शार्मे गावात उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गायी खाली आणतात. जवळच्या ब्युल गावाहून बस आहे. डोक्यावर देवदाराच्या डहाळ्या आणि फुलं, गळ्यात घागरीएवढी घंटा, तिचा वीतभर रुंद भरतकामाचा पट्टा. बरोबरचे गुराखी फुगीर बाह्यांच्या निळ्या जाकिटात. बायको म्हणाली, "बेंदूरच की हा, बैलपोळा! शिंगांना हुरमुंजाचा रंग तेवढा नाही." एक कळप आमच्याजवळ थांबला तेव्हा तिनं एका गाईच्या पाठीवर हात ठेवला. गाय घामेजलेली होती, पाठीतून वाफ निघत होती. कळप हलला तरी ही दहा पावलं हात तसाच ठेवून चालत गेली.

जूनमध्ये हे दिसणार नाही. जूनमध्ये उजेड दहापर्यंत असतो, एवढं मानतो, पण उंचावरच्या कित्येक वाटांवर बर्फ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, आणि ऊन तापलं तर खोल्यांत पंखासुद्धा नसतो. मे महिना आपल्याकडं पोरांच्या सुट्टीमुळं ठरलाय. तुमची पोरं कामाला लागलीत, मग मे-जूनचा हट्ट कशाला? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते, त्याच्या आत परता. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात म्युनिकच्या वाटेला जाऊ नका, ऑक्टोबरफेस्टमुळं खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत.

व्हिसाचं तुम्हाला माहीत असेलच. ज्या देशात जास्त रात्री त्याच देशाकडं अर्ज, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आजारपणाचा विमा किमान 30,000 युरोंचा. फी आता 90 युरो.

कुंदा मात्र नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, स्वित्झर्लंडमध्येही नाही. हे आम्हाला परत आल्यावर कळलं. चिवडा न्या.

आता थोडं उलटं. गुडघे दुखत असतील तर दोघांनी जाण्याआधी विचार करा. बॅग तुम्हालाच उचलायची असते, आणि जुन्या इमारतींना लिफ्ट असेलच असं नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आणि हे साडूंना कळवू नका, पण 2018 ला माझी पासपोर्टची पिशवी बसमध्ये राहिली होती, ती टूर मॅनेजरनं रात्री अकराला परत आणून दिली. एकटा असतो तर काय केलं असतं, माहीत नाही. विमानात कधी बसलाच नसाल तर पहिली खेप ग्रुपनं करायला माझी हरकत नाही.

खर्चाचं राहिलंच. विमान, व्हिसा सोडून आम्हाला दोघांना मिळून दिवसाला सरासरी 140 युरो लागले, स्वित्झर्लंडमध्ये जास्त, जर्मनीत कमी. त्यात त्या भलत्या फ्रायबुर्गमधल्या दोन कॉफ्या धरल्यात.