वाचकांचे प्रश्न : वडिलांची अ‍ॅस्पिरिन, आईचा रक्तदाब

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे. हृदयविकार नाही, मधुमेह नाही. बारा वर्षांपूर्वी तपासणी केली तेव्हा ‘हृदयासाठी’ म्हणून अ‍ॅस्पिरिन ७५ सुरू झाली, ती आजही चालू आहे. आता वाचनात आलं, की मोठ्या ट्रायलमध्ये तिचा फायदाच दिसला नाही. ते ऐकून दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेले माझे मेहुणेही गोळी सोडायची म्हणतात. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी मेहुण्यांना फोन करा आणि गोळी सोडू नका म्हणून सांगा. स्टेंटमध्ये गुठळी धरली तर हार्ट अ‍ॅटॅक येतो. दात काढायचा असला तरी ती गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करायचं.

तुम्ही वाचलेली ट्रायल बहुधा २०१८ मध्ये निकाल आलेली ‘अ‍ॅस्प्री’ असावी. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ जण, बहुतेक सत्तरी ओलांडलेले. आधी हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना तीत घेतलंच नव्हतं. म्हणून ती तुमच्या वडिलांना लागू पडते, मेहुण्यांना नाही. निम्म्या लोकांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाच्या वाट्याला कोणती, हे सोडतीसारखं ठरलं. अशी सोडत नसेल तर मुळात ठणठणीत असलेली माणसं एका गटात जमतात आणि श्रेय गोळीला जातं.

आता हजार माणसांचा हिशोब मांडू. साधारण पावणेपाच वर्षांत हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात यांसारखे त्रास अ‍ॅस्पिरिनच्या गटात हजारी ४७ जणांना झाले, दुसऱ्या गटात ४९ जणांना. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. मोठा रक्तस्राव मात्र ३८ विरुद्ध २८. हीच गोष्ट ‘रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढला’ अशी छापली की धडकी भरते. हजारात दहा जण जास्त, असं म्हटलं की तोलता येते. बातमीत टक्के दिसले की ‘कितीवरून किती?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच गोळीचा दुसरा हिशोब १९८८ च्या ‘आयसिस-२’ या ट्रायलमध्ये आहे. हार्ट अ‍ॅटॅकच्या शंकेने दाखल झालेले १७,१८७ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना महिनाभर अ‍ॅस्पिरिन. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू हजारी ११८ वरून ९४ वर आले. रक्त वाहण्याचा धोका तिथेही होता, पण ज्याच्या धमनीत आजार आधीच आहे त्याच्या पदरात पडणारं फायद्याचं मापही मोठं असतं.

वडिलांच्या बाबतीत एक बारकावा आहे. ‘अ‍ॅस्प्री’त बहुतेकांनी गोळी नव्याने सुरू केली होती, बारा वर्षं घेतलेली थांबवणं हा थोडा वेगळा प्रश्न. अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह टास्क फोर्सने, म्हणजे आजार टाळण्याबाबत शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, २०२२ मध्ये साठीनंतर केवळ प्रतिबंधासाठी ती नव्याने सुरू करू नये असं सांगितलं, आणि घेत असलेल्यांनी पंचाहत्तरीच्या सुमारास थांबवण्याचा विचार करावा असं सुचवलं. तेव्हा जुनी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा. ही नेमकी कशासाठी सुरू झाली, पूर्वी अँजिओग्राफी झाली होती का, क्षणभर तोंड वाकडं होऊन गेलं होतं का, हे विचारा. घरच्यांना अशा गोष्टी कित्येकदा आठवत नाहीत. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण दोन्ही मिळून पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, मधुमेह आहे. वरचा रक्तदाब १२० च्या खाली हवा असं एका लेखात वाचलं, डॉक्टर म्हणतात १३० ठीक आहे. कोणाचं ऐकावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : १२० चा आकडा गाजला तो २०१५ च्या ‘स्प्रिंट’ ट्रायलमुळे. ९,३६१ जण, १२० चं लक्ष्य असलेल्या गटात हृदयाचे आणि पक्षाघाताचे प्रसंग वर्षाला हजारी साधारण २२ वरून १६-१७ वर आले. पण त्यात मधुमेही नव्हते. मधुमेहींवरच्या २०१० च्या ‘अ‍ॅकॉर्ड’मध्ये एकूण फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही, २०२४ मध्ये चीनमधल्या १२,८२१ मधुमेहींवर झालेल्या ‘बीपीरोड’मध्ये मात्र तो दिसला. म्हणजे डॉक्टरही चुकीचे नाहीत आणि लेखही अगदीच खोटा नाही.

गफलत होते ती मोजण्यात. ‘स्प्रिंट’मध्ये पाच मिनिटं शांत बसवून मशिनने तीनदा मोजून सरासरी काढत. जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता घेतलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहता येत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा : पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. ती वही डॉक्टरांना दाखवा. आईंना उभं राहताना भोवळ येते का, तेही सांगा. रक्तदाब जास्त उतरवलेल्या गटात भोवळ आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी जास्त होत्या. पडून खुब्याचं हाड मोडणं काही थोडंथोडकं नाही.

प्रश्न : सांधेदुखीच्या चूर्णावर ‘क्लिनिकली टेस्टेड’ लिहिलंय. विश्वास ठेवावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंपनीकडे ट्रायलचा नोंदणी क्रमांक मागा. भारतात ‘सीटीआरआय’ ही नोंदवही २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक तिच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येतो. तुलनेचा गट होता का, किती जण मध्येच गळाले, हे पाहा. गुडघा कधी जास्त दुखतो, कधी कमी. माणूस चूर्ण आणतो ते दुखणं शिगेला पोहोचल्यावर, आणि मग ते एरवीही थोडं उतरतंच. दुसरा गट नसेल तर ते उतरणं चूर्णाच्या खात्यावर जमा होतं.